‘हलकं काम द्यावं’ म्हणजे नेमकं काय द्यावं? दुखापतीनंतर कामावर परतण्याची रीत, पायरीपायरीने

‘हलके काम द्यावे, दोन आठवडे.’ कारखान्याचा डॉक्टर म्हणून रुजू झालो त्या पहिल्या वर्षी अशा चिठ्ठ्या मी ढिगाने लिहिल्या. त्यातलीच एक पॅकिंगवरच्या एका ऑपरेटरला दिली. कंबर धरून आला होता. दोन आठवड्यांनी परत आला तो आणखी वाकून. चौकशी केली तेव्हा कळलं, सुपरवायझरने त्याला स्टोअरमध्ये बिनपाठीच्या स्टुलावर बसवून आठ तास नटबोल्ट निवडायला लावले होते. सुपरवायझरचं काही चुकलं नव्हतं, नटबोल्ट हलकेच असतात. त्याच्या कंबरेला वजनापेक्षा एका जागी पुढे झुकून बसणं बाधत होतं, आणि ते मी चिठ्ठीत कुठेच लिहिलं नव्हतं. त्यातून लाइनवरचे सोबती येता-जाता ‘काय, आरामाची ड्युटी का?’ म्हणून टोमणे मारायचे. ते त्याला कंबरेपेक्षा जास्त लागलं होतं.

तेव्हापासून ‘हलके काम’ हे शब्द मी चिठ्ठीवर लिहिलेले नाहीत. त्याऐवजी काय करतो ते इथे क्रमाने सांगतो. कंपनीचे डॉक्टर, एचआरमधली मंडळी आणि सुपरवायझर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण रजेवर असलेल्या माणसानेही वाचावं. बऱ्याच गोष्टी त्याला स्वतःहून मागून घ्याव्या लागतात.

पायरी १: घाई कुठे करायची नाही ते आधी ठरवा

कंबर, मान, खांदा, मनगट यांच्या रोजच्या दुखण्यांत लवकर कामावर परतणं बहुधा हिताचंच असतं. पण अपवाद आधी बाजूला काढा. कंबरदुखीबरोबर लघवी अडायला लागली किंवा नकळत व्हायला लागली, बैठकीचा भाग बधिर झाला, पायातली ताकद दिवसागणिक कमी होऊ लागली, तर कामाची चर्चा तिथेच थांबवायची आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. ताप येत असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर तपासण्या झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरा अपवाद जास्त फसवा आहे. आजार त्या कामातूनच आला असेल तर? स्प्रे पेंटिंगच्या काही रंगांत आयसोसायनेट नावाची रसायनं असतात आणि त्यांनी दमा होतो. शरीर एकदा त्या द्रव्याला बिथरलं की पुढे अगदी थोडी वाफही पुरते. अशा माणसाला ‘आधी अर्धी पाळी, मग पूर्ण’ म्हणत त्याच बूथमध्ये परत आणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. त्याला त्या द्रव्यापासून पूर्ण लांब न्यावं लागतं, आणि जितकं लवकर न्याल तितका दमा आटोक्यात येण्याची आशा जास्त. खात्रीसाठी त्याच्या हातात पीक फ्लो मीटर (फुंकलेल्या श्वासाचा जोर मोजणारं छोटं यंत्र) द्या. दिवसातून किमान चार वेळा फुंकायचं, सलग तीन-चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. कामाच्या दिवशी आकडे खाली आणि सुट्टीत वर, असा आलेख दिसला की फार शंका उरत नाही.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच सांगून ठेवलंय की रुग्णाला बाकीच्या प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावं. मी त्याला एक जोड देतो: ‘सुट्टीत कसं वाटतं?’

पायरी २: पहिला आठवडा आणि पहिला फोन

माणूस रजेवर गेला की सहसा सगळे गप्प बसतात. सुपरवायझरला वाटतं, फोन केला तर दबाव टाकतोय असं दिसेल. घरी बसलेल्याला वाटतं, आपल्याला विसरले. तीन आठवडे असे गेले की साधं कंबरेचं दुखणं वेगळंच होऊन बसतं.

म्हणून पहिल्या आठवड्यातच फोन व्हावा, आणि तो सुपरवायझरनेच करावा. फोन दोन-तीन मिनिटांचा पुरे. तब्येत कशी आहे, काही मदत हवी का, आणि ‘तुम्ही याल तेव्हा काम कसं लावायचं ते आपण बसून ठरवू.’ ‘कधी येताय?’ हा प्रश्न पहिल्या फोनवर टाळा. दुखापतीत चूक कोणाची, ही चौकशीही त्या फोनवर नको. ती वेगळी करा.

विश्रांतीबद्दलही याच आठवड्यात बोलून घ्यावं, कारण ‘बरं होईपर्यंत पडून राहा’ हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर आणखी एक प्रयोग झाला. एका गटाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त ‘झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवा’. तिसरा गट सगळ्यात लवकर सावरला. इतक्या वर्षांनंतरही ‘तीन आठवडे बेड रेस्ट’ लिहिलेले कागद माझ्या टेबलावर येतात, तेव्हा मी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करतो. बहुतेकजण म्हणतात, ‘पेशंटने मागितली म्हणून दिली.’

फोन झाल्यावर भेटीत एक साधा प्रश्न विचारा: ‘तुमचा स्वतःचा अंदाज काय, महिन्याभरात कामावर असाल?’ या उत्तराला एमआरआयच्या रिपोर्टइतकं तरी वजन द्या. ‘नाही’ म्हणाला तर पुढचा प्रश्न ‘का?’ आणि मग मधे न बोलता ऐकायचं. ‘हाललो तर मणका सरकेल’ ही भीती असेल तर समजावून जाते. सुपरवायझरशी भांडण असेल तर त्यावर फिजिओथेरपीचा उपाय नाही, बैठकीचा आहे. आणि पगार किंवा भरपाईचा कागद कुठे अडकला असेल तर एचआरने आधी तो सोडवावा. माझ्या अनुभवात लांबलेल्या रजांमागे असा अडकलेला कागद बरेचदा सापडतो.

पायरी ३: टेप घ्या आणि काम बघून या

इथे कंजुषी करू नका. ओपीडीत बसून काम कळत नाही. ‘खोकी उचलतो’ एवढंच कळतं.

त्या ऑपरेटरच्या लाइनवर मी नंतर गेलो तेव्हा खोकं १२ किलोंचं निघालं. १२ किलो म्हणजे काही फार नाही, असं मलाही वाटलं. मग मोजमाप केलं. पॅलेट (खोकी रचायचा लाकडी पाट) जमिनीवर, त्यावरचा तळाचा थर उचलताना हात जवळजवळ जमिनीला टेकत होते. पॅलेटची कड मधे येत असल्यामुळे खोकं अंगापासून ५० सेंटिमीटर पुढे धरावं लागत होतं. तिथून ७५ सेंटिमीटर वर आणायचं आणि अंग ४५ अंशांत वळवून कन्व्हेयरवर ठेवायचं.

अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं एक सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेलं. एका वेळी किती वजन उचललेलं चालेल, ते त्यातून काढतात. सगळं आदर्श असेल तर ते २३ किलोंपासून सुरू होतं: खोकं अंगाशी, हात ७५ सेंटिमीटर उंचीवर, वळण नाही, पकड चांगली, आणि उचलणं अधूनमधून. परिस्थिती जशी बिघडेल तसा आकडा कापत जायचा. अंगापासून ५० सेंटिमीटर म्हटल्यावर २३ चे थेट ११.५ होतात. हात जमिनीजवळ, म्हणून ८.९. पाऊण मीटर वर न्यायचं, म्हणून ७.८. वळण धरलं की ६.७. मिनिटाला किती खोकी, हे अजून धरलेलंच नाही, ते धरलं की आकडा आणखी उतरतो. म्हणजे ती जागा धडधाकट माणसालाही जड होती. कंबर एकाचीच गेली, एवढंच.

आता तेच सूत्र उलटं चालवा. पॅलेट स्प्रिंगच्या टेबलावर ठेवला. वरचे थर निघतील तसं ते टेबल आपोआप वर येतं, म्हणून हात कायम ७५ सेंटिमीटरच्या आसपास राहतात. टेबल कन्व्हेयरसमोर आणल्यामुळे वळण गेलं आणि चारही बाजूंनी फिरता येत असल्यामुळे खोकं ३० सेंटिमीटरवर आलं. आकडा १९ किलोंवर जातो. खोकं तेच, १२ किलोंचं. एक सावधगिरी मात्र बाळगा. हे सूत्र निरोगी कामगारांसाठी आहे. दुखावलेल्या माणसाने किती उचलावं ते याने ठरत नाही. काम कुठे आणि किती वाईट आहे, तेवढं ते दाखवतं.

जागेवर गेलात की वजनाशिवाय हेही टिपा: किती वेळ सलग उभं राहायचं, खांद्याच्या वर हात किती वेळा जातो, कंप देणारं हत्यार आहे का, मधे उठून दोन पावलं चालायची मुभा आहे का, लाइनचा वेग कोण ठरवतं, रात्रपाळी आहे का. आणि ज्याचं काम आहे त्यालाच विचारा की सगळ्यात जड क्षण कोणता. उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असतं. एका वेल्डरला मनगटाच्या दुखण्यात वेल्डिंगचा काही त्रास नव्हता, सिलिंडरचा व्हॉल्व्ह सोडताना कळ यायची. लांब दांड्याचा पाना दिला आणि प्रश्न मिटला.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शेरब्रुक इथे या सगळ्याची कसोटी लागली होती. कंबरदुखीने चार आठवड्यांहून जास्त रजेवर असलेल्या कामगारांवरचा हा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना उपचार आणि कामाच्या जागेतला बदल दोन्ही मिळालं ते नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा २.४ पट वेगाने मूळ कामावर परतले, आणि त्यात मोठा वाटा जागेतल्या बदलाचा होता.

रजेवर असलेल्यांसाठी: डॉक्टर काम बघायला येणार नसतील तर काम कागदावर डॉक्टरांकडे न्या. पाळीतली कामं एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे किती वेळ, किती वजन आणि त्रास होतो की नाही. एक पान पुरतं.

पायरी ४: तीन वेगळे प्रश्न

‘हा कामाला फिट आहे का?’ या प्रश्नात तीन प्रश्न लपलेले असतात आणि ते मिसळले की सगळा घोळ होतो.

पहिला, धोक्याचा. करता येईल, पण करू नये. ज्याला फीट येतात तो शिडीवर चढू शकतो, अडचण काहीच नाही, पण वर असताना फीट आली तर? अशा वेळी डॉक्टरने ठामपणे नाही म्हणावं, माणूस कितीही तयार असला तरी.

दुसरा, क्षमतेचा. करायचं म्हटलं तरी होत नाही. खांदा ९० अंशांवर जात नाही, तर डोक्यावरच्या फळीवरचं सामान निघणारच नाही. हे मोजता येतं, आणि व्यायामाने वाढतंही. म्हणून तारीख घालून पुन्हा मोजावं.

तिसरा, सोसण्याचा. करता येतं, धोकाही नाही, पण दुखतं किंवा थकवा येतो. इथे डॉक्टरने मर्यादा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किती दुखणं कशासाठी सोसायचं, हे त्या माणसाने ठरवायचं असतं. त्याला खरी माहिती द्या: दुखणं म्हणजे दर वेळी इजा नव्हे, हालचालीने थोडं दुखेल आणि त्याने बिघडणार नाही. आपण इथे ‘वजन उचलू नये’ लिहून देतो आणि सोसण्याच्या प्रश्नावर धोक्याचा शिक्का मारतो. वर्षांनंतरही तो माणूस ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ म्हणत मुलाला कडेवर घेत नाही. असे दोघं तरी मला भेटलेत.

पायरी ५: चिठ्ठी अशी लिहा

ब्रिटनमध्ये २०१० साली ‘सिक नोट’च्या जागी ‘फिट नोट’ आली. ‘कामाला योग्य’ आणि ‘अयोग्य’ यांच्यामध्ये ‘अमुक बदल केले तर काम करू शकेल’ असा पर्याय देणं, हा त्यातला मुद्दा. तुमच्याकडे असा छापील नमुना नसला तरी चिठ्ठी त्या वळणाची लिहायला कोणाची हरकत नसते. त्या ऑपरेटरला आज मी असं लिहून देईन:

‘सोमवारपासून पॅकिंग लाइनवर कामास योग्य. पहिले दोन आठवडे: गुडघ्याच्या खालच्या पातळीवरून उचलणे नाही. कमरेच्या उंचीवर १० किलोंपर्यंत चालेल. सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त बसणे नाही, उठून दोन मिनिटे चालू द्यावे. लेबल लावणे, तपासणी, ट्रॉली ढकलणे पूर्ण वेळ चालेल. फेरतपासणी १५ व्या दिवशी. त्या तारखेनंतर ही चिठ्ठी लागू नाही.’

काय चालेल तेही लिहिलंय, नुसत्या मनाया नाहीत. आणि शेवटचं वाक्य विसरू नका. मुदत नसलेली चिठ्ठी पाकिटात राहते आणि चार वर्षांनी बाहेर निघते.

चिठ्ठीत आजाराचं नाव नाही, हेही बघा. सुपरवायझरला काय करता येतं आणि काय नाही एवढं कळलं की पुरे. व्यवसाय-आरोग्य क्षेत्रातल्या आयसीओएच या आंतरराष्ट्रीय संघटनेची आचारसंहिताही हेच सांगते. वरून कितीही फोन आले तरी निदान द्यायचं नाही. एकदा ते फुटलं की पुढचा माणूस तुमच्यापाशी खरं बोलणार नाही.

पायरी ६: चौघांची बैठक, वीस मिनिटांची

कामगार, सुपरवायझर, एचआर आणि डॉक्टर किंवा नर्स. युनियनचा माणूस हवा असेल तर तोही. टेबलावर ती चिठ्ठी आणि कामांची यादी, बाकी काही नको.

बदल शोधताना क्रम पाळा. आधी त्याच जागेवरचं काम बदलता येतं का ते बघा (उंची, हत्यार, क्रम). मग वेळ, पाळी, विश्रांती. मग त्याच विभागातलं दुसरं काम. वेगळा विभाग सगळ्यात शेवटी. माणूस आपल्या माणसांपासून तुटला की परत जोडणं कठीण जातं. आणि काम खरं असावं. गेटवर खुर्ची टाकून बसवणं म्हणजे कामावर परत आणणं नव्हे. तो तिथे बसून रोज फक्त आपण निरुपयोगी झालो हे मोजत असतो.

सोबत्यांचा विचार सहसा कोणी करत नाही. त्याच्या वाट्याची खोकी कोणीतरी उचलणारच आहे. टार्गेट तेच ठेवून एक माणूस अर्धा केला तर बाकीचे चिडतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दोन-चार आठवड्यांसाठी लाइनचं टार्गेट खाली आणा किंवा जादा हात द्या. टोमणे बरेचसे तिथेच थांबतात.

पायरी ७: चढ किती ठेवायचा

साधा चार आठवड्यांचा आराखडा पुष्कळांना पुरतो. पहिल्या आठवड्यात अर्धी पाळी, दुसऱ्यात पाऊण. तिसऱ्यात पूर्ण पाळी पण मर्यादांसह, चौथ्यात मर्यादा एकेक करून काढायच्या. एका आठवड्यात तास आणि वजन दोन्ही वाढवू नका. त्रास झाला तर कशाने झाला ते कळत नाही.

मधे दुखणं उसळणारच. ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरगुंडी उडत नाही. माझा नियम असा: संध्याकाळी दुखलं आणि सकाळी नेहमीसारखं झालं, तर चालू ठेवा. सकाळीही वाढलेलंच असेल तर एक पायरी खाली या, घरी जाऊ नका. सलग दोनदा खाली यावं लागलं तर आराखडा चुकलाय, पुन्हा जागेवर जाऊन बघा. चार आठवड्यांचे आठ झाले तरी बिघडत नाही, पण शेवटची तारीख कागदावर हवीच.

मन आजारी असेल तर

नैराश्यानंतर परतणाऱ्याला किलो आणि सेंटिमीटर लागू नाहीत, पण पायऱ्या याच आहेत. इथे मोजायच्या गोष्टी म्हणजे सलग किती वेळ लक्ष लागतं, किती जणांशी एका वेळी बोलावं लागतं, चूक झाली तर परिणाम काय. झोपेची घडी बसेपर्यंत रात्रपाळी टाळा. औषधांनी सकाळी गुंगी राहत असेल तर पाळी उशिरा सुरू करा, आणि तोवर गाडी चालवणं व फिरत्या मशीनवरचं काम बंद ठेवा. सोबत्यांना काय सांगायचं ते त्यालाच विचारा, आणि तो म्हणेल तेवढंच सांगा. रजेतल्या ईमेलचा ढीग पहिल्याच दिवशी पुढ्यात टाकू नका. ज्या कामाने तो मोडला ते काम तसंच ठेवून माणूस परत आणला, तर पुढची रजा तुम्हीच लिहून ठेवली आहे असं समजा.

पायरी ८: मूळ काम जमणारच नसेल तर

हात गेला, नजर गेली, पाठीचा कणा कायमचा अधू झाला. आता तात्पुरत्या मर्यादांचा खेळ थांबवून कायमच्या व्यवस्थेकडे वळायचं. ‘अजून तीन महिने बघू’ असं दोनदा म्हणून झालं असेल तर तिसऱ्यांदा म्हणू नका. हे त्या माणसाचा हक्क म्हणून करायचं आहे, मेहरबानी म्हणून नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ सालचा करार आहे, त्यातलं २७ वं कलम कामाच्या ठिकाणी वाजवी फेरबदल करून देण्याबद्दल स्पष्ट बोलतं.

सुरुवात उरलेल्या गोष्टींच्या यादीने करा. वीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे कळतं. ते ज्ञान हाताबरोबर गेलेलं नसतं. क्वालिटी, प्रशिक्षण, नियोजन, सुट्या भागांची खरेदी यांत ते कामाला येतं. नवी जागा ठरली की सहा ते आठ आठवडे प्रत्यक्ष करून बघा आणि तोवर जुनी जागा कागदोपत्री भरू नका. पगाराचं पहिल्याच बैठकीत सांगा, चांगलं असो वा वाईट.

जागा पक्की करण्याआधी एक पाहणी हमखास राहून जाते. आगीचा भोंगा वाजला तर ज्याला ऐकू येत नाही त्याला कसं कळणार? चाकाच्या खुर्चीतला माणूस लिफ्ट बंद असताना दुसऱ्या मजल्यावरून खाली कसा येणार, त्याला आणणारे दोघं कोण, आणि ते दोघं सुट्टीवर असतील त्या दिवशी कोण? लुकलुकणारा दिवा लावा, नावं फळ्यावर लिहा, आणि पहिल्या महिन्यातच एकदा खरोखर जिना उतरून बघा, त्याला सोबत घेऊन.